सोपा मार्ग, प्रगत मार्ग आणि मधला पूल: लिनक्स इन्स्टॉलरमधील डिस्क विभाजनाची समीक्षा

लिनक्स बसवताना विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे चुकली तरी चालतात. भाषा, कीबोर्ड, संगणकाचे नाव हे सारे नंतर बदलता येते. डिस्क विभाजनाचा प्रश्न मात्र तसा नाही. तिथे चुकीचा पर्याय निवडला, तर त्याच डिस्कवरचे विंडोज, प्रकल्प अहवाल आणि घरचे फोटो एकदम जाऊ शकतात. तुमच्यापैकी अनेकांकडे एकच लॅपटॉप असतो आणि लिनक्सही त्यावरच बसवायचे असते. म्हणून इन्स्टॉलरमधली ही एक स्क्रीन बाकी सगळ्यांपेक्षा काटेकोरपणे तपासायला हवी.

या विषयावरची चर्चा बहुधा एकाच वादात अडकते: नवख्यांसाठी सोपेपणा हवा की जाणकारांसाठी जास्त पर्याय? या टिपणाचे म्हणणे असे, की हा वादच चुकीच्या जागी आहे. सोप्या आणि प्रगत मार्गांची दोन वेगळी दारे करून ठेवणे, हा खरा दोष आहे. चांगला इन्स्टॉलर आपणहून आराखडा तयार करतो, तो पूर्ण दाखवतो, त्यात बदल करू देतो आणि अखेरची संमती मिळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहीत नाही.

१. इन्स्टॉलरपुढचे काम

आजच्या यूईएफआय संगणकावर लिनक्स बसवायला साधारणपणे ईएफआय सिस्टिम पार्टिशन आणि रूट पार्टिशन लागते. स्वॅप व होम वेगळे ठेवायचे की नाही, हा निवडीचा भाग. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन करता येत. जीपीटी पद्धतीत ही अडचण उरलेली नाही. पण मूळ प्रश्न तेच आहेत: कोणती डिस्क वापरायची, त्यावरचे काय राखायचे आणि काय पुसायचे?

हे विचारण्याच्या दोन पद्धती आहेत. एक डिस्कपासून वर जाते: आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम, मग माउंट पॉइंट. दुसरी उद्देशापासून खाली येते: ‘मला होम हवे, इतक्या आकाराचे हवे’ एवढे तुम्ही सांगायचे, बाकीची जुळवाजुळव इन्स्टॉलर करतो.

२. फेडोरा: पद्धत बदलली, पूल अरुंद झाला

फेडोराच्या इन्स्टॉलरचे नाव अ‍ॅनाकोंडा. फेडोरा १७ पर्यंत त्यात संपूर्ण डिस्क वापरा, जुने लिनक्स बदला, असलेली प्रणाली आक्रसून जागा करा, मोकळी जागा वापरा किंवा स्वतः मांडणी करा, असे पर्याय होते. त्याच स्क्रीनवर आराखडा तपासून बदलण्यासाठी एक छोटा चौकोन होता. त्यात खूण केली, की आपोआप तयार झालेला आराखडा संपादनासाठी समोर येई. नवख्याने तो नुसता वाचायचा, जाणकाराने दुरुस्त करायचा. सोप्या आणि प्रगत मार्गांमधला हा पूल होता.

जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ मध्ये अ‍ॅनाकोंडाचा चेहरामोहरा बदलला. विभाजनाची स्क्रीन उद्देशापासून खाली येणारी झाली. यामागचा विचार चुकीचा नव्हता. तुम्ही ‘होम दोन डिस्कवर रेड १ मध्ये हवे’ असे सांगितले, की दोन्ही डिस्कवर लागणारी पार्टिशन इन्स्टॉलर स्वतः बनवतो. जुन्या पद्धतीत हे सारे टप्पे हाताने करावे लागत.

पण नव्या मांडणीवर बरीच टीका झाली आणि तिला कारण होते. दुहेरी बूट करणारा विद्यार्थी डिस्कच्या नकाशात विचार करतो: तिसरे पार्टिशन विंडोजचे, त्याला हात लावायचा नाही, पाचवे रिकामे, ते वापरायचे. फेडोरा १८ मध्ये पार्टिशनांची यादी डिस्कवरच्या जागेनुसार नव्हती, त्या कोणत्या प्रणालीच्या आहेत त्यानुसार होती. डिस्कवर काय कुठे आहे, हे एका नजरेत कळत नसे. विध्वंसक क्रिया करताना माणसाला नकाशा हवा असतो आणि नेमका तोच मागे पडला. आराखडा आपोआप बनवून घेण्याची सोय होती, पण ती हाताने विभाजन करायच्या स्क्रीनमधली एक लिंक होती. नवखा तिथपर्यंत जाणारच कशाला?

२०१७ च्या फेडोरा २६ मध्ये ब्लिव्हेट-जीयूआय हा आणखी एक पर्याय आला आणि डिस्कपासून वर जाणारी पद्धत परतली. एका पद्धतीने सर्वांचे भागत नाही, याची ही कबुलीच होती. मात्र यातून पूल रुंद झाला नाही, तिसरे दार तेवढे मिळाले.

३. उबुंटू: सुरक्षिततेची चुकीची किंमत

उबुंटूच्या युबिक्विटी इन्स्टॉलरने अनेकांना लिनक्सची पहिली ओळख करून दिली. विंडोजशेजारी उबुंटू बसवताना दोन्हींना किती जागा द्यायची, हे एका सरकपट्टीवर ठरवता येई. लिहिण्याआधी बदलांची यादी दाखवून संमतीही घेतली जाई. इथपर्यंत सारे उत्तम.

पण ‘समथिंग एल्स’ हा पर्याय निवडला, की आपोआप केलेला आराखडा मागेच राही आणि फक्त सध्याच्या पार्टिशनांचा तक्ता समोर येई. होम वेगळे करणे एवढाच बदल हवा असला, तरी सगळे शून्यापासून करावे लागे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एन्क्रिप्शनची सोपी सोय संपूर्ण डिस्क पुसण्याच्या पर्यायाशी जोडलेली होती. ज्याला विंडोज ठेवून आपला डेटा सुरक्षित करायचा होता, त्याला थेट अवघड वाटेने जावे लागे. सुरक्षितता हवी तर सगळे पुसा, हा सोपेपणाचा हिशेब विद्यार्थ्याला परवडणारा नाही.

४. डेबियन: दिसायला रूक्ष, रचनेत शहाणा

डेबियनचा इन्स्टॉलर आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेली आहे. त्याची स्क्रीन आकर्षक म्हणता येणार नाही. पण त्यात मार्गदर्शित विभाजन निवडले, की सर्व फाइल्स एकाच पार्टिशनमध्ये, होम वेगळे किंवा होम, व्हार व टेंप वेगळे, असे नमुने मिळतात. पहिला नमुना नवख्यांसाठी असल्याचे तिथेच लिहिलेले असते. त्यानंतर तयार आराखडा यादीरूपाने येतो. तो बदलता येतो, रद्द करता येतो आणि लिहिण्याआधी पुन्हा स्पष्ट प्रश्न विचारला जातो.

इथेही एक भोक आहे. एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शन निवडले, तर पुढे जाण्यापूर्वीच पार्टिशन तक्ता डिस्कवर लिहावा लागतो. म्हणजे ‘शेवटपर्यंत काही लिहिणार नाही’ हे वचन नेमके गुंतागुंतीच्या वेळी मोडते. इन्स्टॉलर तशी सूचना देतो, पण घाईत ती वाचणारे थोडेच.

५. कॅलामारेस आणि एक वेगळी वाट

मांजारो, लुबुंटू यांसारख्या डिस्ट्रिब्युशन वापरतात तो कॅलामारेस इन्स्टॉलर डिस्कची आत्ताची आणि नंतरची स्थिती रंगीत पट्ट्यांनी दाखवतो. फेडोरा १८ मध्ये जो नकाशा मागे पडला, तो इथे सोप्या मार्गावरही मिळतो. काय राहील आणि काय जाईल, हे पारिभाषिक शब्द न कळताही समजते.

कधी कधी निर्णयच अनावश्यक करून टाकणे, हे सर्वात चांगले उत्तर ठरते. २०२० च्या फेडोरा ३३ पासून डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये बीटीआरएफएस ही मूळ फाइल सिस्टिम झाली. तिच्यात रूट आणि होम वेगवेगळे सबव्हॉल्यूम असतात, पण जागा सामाईक वापरतात. त्यामुळे रूट भरले आणि होम रिकामेच, ही जुनी डोकेदुखी संपते. ‘होमला किती जीबी द्यायचे’ हा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

६. निष्कर्ष

प्रत्येक पर्याय वाढवला, की विकसकांना रेड, एलव्हीएम, एन्क्रिप्शन यांची आणखी नवी जुळणी तपासावी लागते. म्हणून कमी पर्याय ठेवण्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण पर्याय कमी करणे वेगळे आणि परिणाम झाकणे वेगळे. पहिला संयम आहे, दुसरा धोका. या कसोटीवर रचनेत डेबियन आणि चित्रात कॅलामारेस पुढे आहेत. दोन्हींचे गुण एकत्र यायला हवेत.

हे म्हणणे स्वतः पडताळून पाहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये रिकामी डिस्क घ्या, तिच्यावर आधी दोन-तीन पार्टिशन बनवा आणि मग वेगवेगळे इन्स्टॉलर चालवा. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र बॅकअप घेतल्याशिवाय यातला एकही प्रयोग करू नका.

विचारासाठी प्रश्न

१. काय पुसले जाणार, हे इन्स्टॉलरने लिहिण्यापूर्वी नेमके सांगितले का?
२. आपोआप केलेला आराखडा पूर्ण दिसला का, आणि त्यातली एकच गोष्ट बदलता आली का?
३. डिस्कवर पहिली नोंद नक्की कोणत्या क्षणी झाली?