एक हुन्नर कीं अनेक?

जगाच्या निरनिराळ्या भागांतील हजारों माणसें एकाच वेळीं एका कल्पित देशांत वावरतात, तेथें लढतात, व्यापार करितात आणि वस्तु घडवितात, अशा ऑनलाइन खेळांची प्रथा सुरू होऊन आतां पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्यांतील आरंभींच्या प्रसिद्ध खेळांपैकीं 'अल्टिमा ऑनलाइन' हा १९९७ सालीं निघाला. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत या खेळांविषयीं जें बोललें जातें तें बहुधा डोळे बिघडण्यापुरतें व अभ्यास बुडण्यापुरतेंच असतें. ही तक्रार खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या खेळांत माणसें आपल्या आयुष्याचे शेंकडों तास घालवितात, त्यांच्या नियमांत श्रमाविषयीं व कौशल्याविषयीं कोणता विचार दडला आहे, हेंहि टीकाकारानें तपासून पाहिलें पाहिजे.

या खेळांत सर्वच खेळाडू तलवार उपसून राक्षसांच्या मागें धांवतात असें नाहीं. कित्येकांचा जीव ती तलवार घडविण्यांतच रमतो. खाणींतून धातु काढावा, भट्टींत वितळवावा, त्याचीं शस्त्रें करावीं व तीं बाजारांत विकावीं, हा त्यांचा नित्यक्रम. अशा कारागिरापुढें पहिल्याच दिवशीं एक प्रश्न उभा राहतो. एकच हुन्नर निवडून आरंभापासून त्याच्याच मागें लागावें, कीं अनेक धंद्यांची ओळख करून घेत हळूहळू पुढें जावें?

एकाच हुन्नराच्या पुरस्कर्त्यांची बाजू प्रथम पाहूं. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रारंभींच टांचण्यांच्या कारखान्याचें उदाहरण दिलें आहे. दहा माणसांनीं कामाचे भाग वांटून घेतले म्हणजे दिवसाकांठीं ४८,००० टांचण्या होतात. तेच दहाजण एकेकटे सर्व काम करूं लागले, तर प्रत्येकाच्या हातून वीस तरी होतील कीं नाहीं, याची त्यास शंका होती. खेळांतील कारागीरहि याच न्यायानें बोलतात. वेळ थोडा, धातु थोडा आणि द्रव्य त्याहून थोडें. तें चार धंद्यांत वांटलें तर एक ना धड भाराभर चिंध्या! उलट सर्वांच्या आधीं जो सिद्धहस्त होईल त्याच्या मालास तोंडाला येईल तो भाव मिळेल. हें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड वाटतें.

परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणांत स्मिथनें जी मर्यादा घातली आहे, तिचा या लोकांस विसर पडतो. श्रमाची वांटणी कोठवर जावी हें बाजाराच्या विस्तारावर अवलंबून असतें, असा तिचा आशय आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत केवळ खिळे करून पोट भरणें अशक्य, कारण तेथें तितके खिळे घेणार कोण? हीच कसोटी आपल्या प्रश्नास लावून पाहूं.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरांत निघाला. त्यांत एका पात्रास मुख्य असे दोनच धंदे घेतां येतात. स्वयंपाक, मासेमारी हे दुय्यम धंदे त्यांखेरीज. पहिल्या आवृत्तींत लोहाराचें कौशल्य ३०० अंशांपर्यंत वाढत असे, आणि घेतलेला धंदा टाकल्यास मिळविलेलें सारें कौशल्य बुडत असे. आतां नवशिका लोहार काय करी? कौशल्याचे अंश वाढविण्यासाठीं तो तांब्याच्या वस्तूंमागून वस्तु घडवी. पण त्याच्यासारखे शेंकडों उमेदवार त्याच हेतूनें त्याच वस्तु घडवीत असत. त्यामुळें लिलावघरांत तयार मालाचा ढीग पडे आणि त्यास कोणी विचारीत नसे. कच्चा धातु मात्र या सर्व उमेदवारांस हवा असल्यामुळें चढ्या भावानें खपे. परिणामीं घडविलेल्या जिनसेपेक्षां तिच्यांतील धातूचीच किंमत अधिक, असा विलक्षण प्रकार कित्येकदां दिसे. आमच्या परिचयाच्या एका तरुणानें पहिल्याच दिवशीं लोहारकी पत्करली आणि घोडा घेण्यासाठीं सांठविलेलें सारें सोनें तिच्यांत घालविलें. त्याचा सोबती मात्र आधीं खाणकाम व कातडीं काढणें हे दोन धंदे करून कच्चा माल विकीत राहिला. गांठीं पैसा व बाजाराची माहिती जमल्यावर त्यानें त्यांतील एक सोडून कारागिरी धरली. तो उशिरा निघाला, पण आधीं पोंचला.

याच खेळांत लोहारानें शस्त्रकार व्हावें कीं चिलखतकार, हा फांटा पात्र चाळिसाव्या पातळीस पोंचल्यावरच फुटत असे. म्हणजे विशेष नैपुण्याची जागा मार्गाच्या आरंभीं नव्हे, तर बरीच वाट चालून झाल्यावर, असेंच रचनाकारांसहि वाटलें असावें.

हा विचार अधिक सुंदर रीतीनें 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' या २००३ सालच्या खेळांत उतरला होता, असें आमचें मत आहे. तेथें प्रत्येकास कौशल्याचे २५० गुण मिळत, आणि एका विश्वांत एकच पात्र घेतां येई. म्हणून सर्व कांहीं स्वतःच होण्याची वाट बंद होती. तथापि शस्त्रकार होऊं इच्छिणारास आधीं सामान्य कारागिरीचे धडे घ्यावे लागत. खनिजांचे सांठे कांहीं दिवस एका ग्रहावर प्रकट होऊन नाहींसे होत, आणि प्रत्येक सांठ्याचा गुण निराळा असल्यामुळें उत्तम माल ओळखण्यास खरें ज्ञान लागे. घडविलेल्या वस्तु झिजत, म्हणून गिऱ्हाईक पुन्हां दाराशीं येई आणि कारागिराचें नांव सर्वतोमुखीं होई. मुख्य म्हणजे निवड चुकली तर शिकलेलें कौशल्य सोडून देऊन ते गुण दुसरीकडे लावण्याची मुभा होती. आधीं सामान्य शिक्षण, मग विशेष नैपुण्य, आणि चुकीस प्रायश्चित्त. पण देहदंड नाहीं! दुर्दैवानें २००५ च्या नोव्हेंबरांत चालकांनीं हे अनेकविध व्यवसाय मोडून नऊच ठेवले. कारागीर सारे 'व्यापारी' या एका नांवाखालीं आले. १५ डिसेंबर २०११ रोजीं तो खेळहि बंद झाला.

याच्या अगदीं उलट टोंकास 'फायनल फँटसी' मालिकेंतील चौदावा खेळ, २०१३ सालीं नव्यानें रचलेला. त्यांत सुतार, लोहार, चिलखतकार, सोनार, चर्मकार, विणकर, किमयागार व आचारी हे आठहि धंदे एकाच पात्रास शिकतां येतात. पहिल्या कांहीं वर्षांत तर एका धंद्यांतील उपयुक्त युक्ति दुसऱ्या धंद्यांत वापरतां येत असल्यामुळें, निपुण विणकर होण्यासाठीं सुतारकीहि शिकावी लागे. विद्या एकमेकींस कशा पोसतात याचें हें चांगलें उदाहरण होय. परंतु यांतील दोषहि उघड आहे. ज्यास सर्व येतें त्यास शेजाऱ्याची गरज उरत नाहीं. मग बाजारांत विकला जातो तो केवळ वेळ, कौशल्य नव्हे. २०१५ सालीं त्यांपैकीं तीन धंद्यांत विशेष निपुण होण्याची सोय चालकांनीं केली, ती बहुधा याच उणीवेच्या जाणिवेनें.

तेव्हां आमचा निर्णय काय? धंदे गोळा करीत जन्म काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. तसें करणारा शेवटीं कोठारी होतो, कारागीर नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं नैपुण्याची निवड ही आरंभींची अट नसून अनुभवाचें फळ असावें. यास एक अपवाद आहे. ज्यास दहा-वीस सोबत्यांचें मंडळ लाभलें आहे, जे त्यास धातु पुरवितील व त्याचा माल वापरतील, त्यानें पहिल्या दिवसापासून एकच हुन्नर धरण्यास हरकत नाहीं. कारण त्याचा बाजार त्याच्याबरोबरच जन्मलेला असतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या चालकांनीं २०२२ सालीं जेव्हां एकेका धंद्याच्या पोटांत विशेष शाखा निर्माण केल्या, तेव्हां गिऱ्हाइकानें मागणी नोंदवावी व कारागिरानें ती पुरवावी, अशीहि व्यवस्था त्यांस सोबतच करावी लागली. बाजारावांचून नैपुण्य म्हणजे ओसाड गांवचें दुकान, हें त्यांसहि उमगलें होतें.

आणखी एका गोष्टीचें आम्हांस वाईट वाटतें. पुष्कळ खेळाडू ही निवड स्वतः करीतच नाहींत. कोणत्या धंद्यांत नफा अधिक, याचें कोणी तयार केलेलें कोष्टक वाचून ते पहिल्या दिवशींच आपला मार्ग ठरवितात, आणि तें कोष्टक हजारोंनीं वाचलेलें असल्यामुळें तो नफाहि हजार ठिकाणीं वांटला जातो. हातोडा उचलून पाहण्यांतील गंमत, नको तो धंदा टाकून देण्यांतील शहाणपण, हीं दोन्ही त्यांच्या वांट्यास येत नाहींत.

हें वाचून एखादा पालक मुलाकडे बोट दाखवील, तर त्यानें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. दहावीचा निकाल लागण्यापूर्वीं, कित्येकदां आठवीतच, 'आतां एकच मार्ग धर' असें त्या मुलास कोण सांगतें? तोहि कोणाच्या तरी कोष्टकावरूनच सांगितलेला मार्ग असतो. खेळांत चुकलेल्या लोहारास फार तर घोडा उशिरा मिळतो. घरांतील मुलास मात्र आपली चूक कळण्यापूर्वीं दोन-चार हत्यारें हातांत धरून पाहण्याची संधि आपण दिली होती काय, हा प्रश्न खेळाचा नव्हे, आणि त्याचें उत्तर मुलानें द्यावयाचें नाहीं.