परिचारिकेचे निदान : एका मार्गदर्शिकेची समीक्षा

प्राथमिक आरोग्यसेवेतील परिचारिका रोगाचे निदान करते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर तिचा अधिकार, तिची जबाबदारी आणि पुष्कळदा रोग्याचे जीवितही अवलंबून असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली एक मार्गदर्शिका काढून, दोन महिन्यांहून लहान बालकाच्या जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची अनुज्ञा विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्रावरील आरोग्यसेविकेस दिली. या अनुज्ञेमागील विचारसरणीचे परीक्षण करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या अनुज्ञेचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया ठराविक लक्षणे पाहून जंतुदोष ओळखीत आणि, पालक रुग्णालयात जाण्यास राजी नसल्यास, घरीच औषध देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर प्रयोगाच्या गावांत हजारी २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. ज्या स्त्रियांच्या निर्णयाने हा फरक पडला त्यांनी निदान केले नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल.

तरीही शासकीय परिभाषा तसेच म्हणते. बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या तक्त्यात परिचारिकेच्या कृतीस ‘वर्गीकरण’ म्हटले आहे. गुलाबी रंग म्हणजे तातडीने वर पाठवा, पिवळा म्हणजे येथेच औषध द्या, हिरवा म्हणजे घरी सांभाळा. तक्त्याची उपयुक्तता वादातीत आहे. मात्र वर्गीकरण हे यांत्रिक काम आहे, ही त्यामागील समजूत तपासून पाहिली पाहिजे. तान्ह्या बालकाचा श्वास मिनिटास ६० वा त्याहून अधिक भरला तर तो पुन्हा मोजावा, असे तक्ता सांगतो. मूल रडत होते काय, नुकतेच पाजले होते काय, छाती खरोखर आत ओढली जाते काय, हे मात्र पाहणारीनेच ठरवावयाचे असते.

आपल्या वैद्यकपरंपरेत रोगज्ञानाची साधने पाच सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांपैकी उपशय म्हणजे लक्षणे संदिग्ध असता औषधाने वा आहारविहाराने आराम पडतो की नाही, यावरून रोग ओळखणे. म्हणजे उपचाराचा निर्णय हा येथे निदानाचाच एक भाग मानला आहे. ‘दोन दिवसांनी मुलाला पुन्हा दाखवा’ असे सांगणारी आरोग्यसेविका हेच साधन वापरीत असते. निदान डॉक्टरांचे आणि अंमलबजावणी परिचारिकेची, अशी जी वाटणी आपण गृहीत धरतो ती या कसोटीवर टिकत नाही.

मार्गदर्शिकेतील दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बालकाला रुग्णालयात नेणे अशक्य असेल किंवा पालकांनी नकार दिला असेल, तर पूर्ण उपचार उपकेंद्रावर करावेत, अशी तिची अट आहे. या अटीतील ‘अशक्य’ हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. अंबरनाथ तालुक्यातील वांगणी हे गाव कल्याण–कर्जत लोहमार्गावर बदलापूर आणि शेलू यांच्या मध्ये आहे. नकाशावर पाहणारा त्यास दुर्गम म्हणणार नाही, कारण गाडीत बसले की बदलापूर व अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय गाठता येते. परंतु २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना पाण्यातून सोडवावे लागले. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. अशा दिवशी अशक्यता सर्वांनाच दिसते. एरवी ती वेगळ्या रूपात येते : रात्रीची वेळ, बुडणारी मजुरी, घरी राहिलेली दुसरी मुले. पाड्यावरची आई ‘उद्या नेते’ म्हणते, तेव्हा तो होकार की नकार, हे आरोग्यसेविकेलाच ओळखावे लागते. हे ज्ञानही निदानाइतकेच व्यावसायिक आहे. पण त्याची गणना कोठेच होत नाही.

यावर आक्षेप असा की, अधिकार विस्तारल्यास प्रतिजैविकांचा अतिरेक होईल आणि अर्धशिक्षित वैद्यकीस मोकळे रान मिळेल. ही भीती निराधार नाही. लक्षणांची चाळणी जितकी बारीक, तितकी निरोगी बालकेही तीत अडकणार. परंतु यावर उपाय निर्णय लपविणे हा नसून तो तपासणे हा होय. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने ‘सामुदायिक आरोग्य सेवादाता’ ही मर्यादित परवान्याची कल्पना मांडली, तीतही औषधे लिहिण्याच्या मर्यादेचाच विचार प्रमुख आहे. निर्णय कसा घेतला आणि तो पुढे बरोबर ठरला की नाही, हे तपासण्याची व्यवस्था केवळ परवान्याने निर्माण होत नाही.

म्हणून सूचना इतकीच की, उपकेंद्राच्या नोंदवहीत आरोग्यसेविकेने काय पाहिले, काय ठरविले, का ठरविले आणि दोन दिवसांनी काय आढळले, असे चार रकाने असावेत. आणि दरमहा वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यांवर तिच्याशी चर्चा करावी. चुकीचा निर्णय मग दोषारोपाचे निमित्त न राहता शिक्षणाचे साधन होईल. अशा नोंदींचा अभ्यास हा पदव्युत्तर संशोधनाचाही उत्तम विषय आहे. आज बालक दगावले तर जबाब आरोग्यसेविकेला द्यावा लागतो आणि वाचले तर श्रेय तक्त्याला मिळते. ही विषमता दूर करण्यासाठी प्रथम तिच्या कृतीस तिचे खरे नाव द्यावे लागेल.