एक आकडा, दोन शरीरे

तरुण वयातील मधुमेहाचा विषय निघाला की एक चित्र हमखास दाखवले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ते २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो दोघांचाही २२.३, म्हणजे 'सामान्य'. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के!

बीएमआयची मर्यादा इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र आम्हांला ठाऊक नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. 'भारतीयांची जनुकेच तशी' असे त्यावरून सर्रास सांगितले जाते. मूळ टिपणात मात्र युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ती गाठणे, असे मिस्कीलपणे नोंदवले आहे. याज्ञिकांचे जन्मवजन कमी होते, हेही त्यात आहे. दोन माणसांत इतक्या गोष्टी एकदम वेगळ्या असतील, तर कारण कोणते हे कसे ठरवणार?

त्यासाठी दुसरा पुरावा हवा. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. नवजात बाळाला आळशी कसे म्हणणार? म्हणजे सुरुवात गर्भातच होते. मात्र त्यात जनुकांचा वाटा किती आणि आईच्या पोषणाचा किती, हे एवढ्यावरून ठरत नाही.

हा काथ्याकूट नाही. 'जनुकेच तशी' म्हटले की मुलींच्या आहाराची जबाबदारी संपते. आणि 'मधुमेह जाड्यांचा' म्हटले की अंबरनाथ-बदलापूरहून रोज लोकलने जाणारा सडपातळ तरुण रक्त तपासतच नाही. हा आजार वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. भारतीयांसाठी २००९ साली जादा वजनाची मर्यादा २३ वर आणली गेली, पण २२.३ तिच्याही खालीच! म्हणून कंबरेचा घेर (पुरुष ९० सें.मी., स्त्रिया ८० सें.मी.) आणि घरातील मधुमेहाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

शिवमंदिर परिसरातील असो वा खेड्यातील, कोणत्याही वर्गात हे करता येईल. मुलांची वजने चारचौघांत घेऊ नयेत. ५७ किलो वजन आणि १.६० मीटर उंची फळ्यावर लिहावी. उत्तर २२.३ येईल. मग विचारावे : या आकड्यातून काय कळले नाही?