मर्यादित खुल्या फाइलींचे व्यवस्थापन : बीएफडी लायब्ररीतील एका संहितेची चिकित्सा

साहित्यकृतीची समीक्षा करताना लेखकाने काय सांगितले आहे याइतकेच त्याने काय गृहीत धरले आहे, याकडेही आपण लक्ष देतो. संगणकाच्या आज्ञावलीलाही ही दृष्टी लावता येते. आज्ञावली यंत्र चालवते, परंतु ती लिहिणारा आणि वाचणारा माणूसच असतो. तिच्यातील गृहीतके अनेकदा लेखकाच्या काळाची आणि साधनांची असतात व काळ बदलल्यावरही संहितेत टिकून राहतात. प्रस्तुत लेखात अशाच एका छोट्या संहितेचे परीक्षण करावयाचे आहे. 'बीएफडी' या मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लायब्ररीतील 'कॅश.सी' ही ती फाइल होय. (लायब्ररी हा शब्द येथे तयार आज्ञावलींचा संग्रह या अर्थी आहे, 'ग्रंथालय' असे भाषांतर केल्यास गोंधळच वाढतो.)

बीएफडी ही लायब्ररी सिग्नस सपोर्ट या कंपनीत विकसित झाली आणि ग्नू प्रकल्पातील जोडणीची आज्ञावली म्हणजे लिंकर, तसेच जीडीबी हा डीबगर तिच्यावर उभे राहिले. तिच्या नावाची कथा तिच्या माहितीपुस्तिकेतच दिली आहे. असे काम अवघड जाईल, असे रिचर्ड स्टॉलमन यांनी म्हटल्यावर डेव्हिड हेंकेल-वॉलेस यांनी त्याची टर उडवणारी तीन अक्षरी इंग्रजी शिवराळ उक्ती उच्चारली. काम खरोखरच अवघड निघाले, पण नाव मात्र चिकटले. 'बायनरी फाइल डिस्क्रिप्टर' हा सभ्य विस्तार मागाहून आला. आपण पाहणार आहोत तो भाग स्टीव्ह चेंबरलेन यांनी लिहिला. अवघड काम सोपे मानण्याच्या त्या वृत्तीची छाया या भागावरही पडली आहे की काय, असा प्रश्न संहिता वाचताना पडतो.

मूळ अडचण

युनिक्स पद्धतीच्या कार्यप्रणालीत एखादी फाइल उघडली की प्रोग्रामला एक लहानसा क्रमांक मिळतो. यालाच डिस्क्रिप्टर म्हणतात. एका प्रोग्रामला एका वेळी किती डिस्क्रिप्टर मिळावेत यावर मर्यादा असते. जुन्या युनिक्समध्ये ती २० होती, आणि त्यांतील तीन क्रमांक आरंभीच खर्ची पडलेले असत. लिंकरला मात्र शेकडो फाइली एकत्र आणून त्यांतून एक प्रोग्राम सिद्ध करावयाचा असतो. तेव्हा सर्व फाइली एकदम उघड्या ठेवणे शक्य नव्हते.

यावर बीएफडीने योजलेला उपाय देखणा आहे. लायब्ररी वापरणाऱ्याला सर्व फाइली सदैव उघड्याच आहेत असे भासते. प्रत्यक्षात लायब्ररी मोजक्याच फाइली उघड्या ठेवते. नव्या फाइलीसाठी जागा हवी झाली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली फाइल ती बंद करते, वाचन कोठवर आले होते याची नोंद ठेवते आणि पुन्हा गरज लागताच तीच फाइल नावाने उघडून त्या ठिकाणी जाऊन पोहोचते. उघड्या फाइलींची एक वर्तुळाकार साखळी असते. अगदी अलीकडे वापरलेली फाइल पुन्हा मागितली गेली, तर कोणताही शोध न घेता ती तत्काळ हाती दिली जाते. अर्काइव्ह म्हणजे अनेक फाइलींची एकत्रित गाठोडी असते, आणि तिच्यातील सर्व घटक सर्वसाधारणपणे मूळ गाठोडीच्या एकाच डिस्क्रिप्टरवर भागवले जातात. हजारो घटक असलेले प्रमाणित गाठोडेही एकच जागा अडवते. या सर्व बाबतींत संहितेची काटकसर प्रशंसनीय आहे.

प्रारंभी ही कमाल संख्या १० होती. जुन्या २० च्या मर्यादेशी तुलना करता निम्मा वाटा आपला आणि निम्मा इतरांचा, असा हिशेब त्यामागे असावा असे अनुमान करता येते. पुढे यंत्रे मोठी झाली आणि कार्यप्रणालीने दिलेल्या मर्यादेचा एक अष्टमांश, पण किमान १०, असा नियम आला. लिनक्समध्ये ही मर्यादा सामान्यतः १०२४ असते, म्हणजे बीएफडीच्या वाट्याला १२८ जागा येतात. एक अष्टमांशच का, याचे उत्तर संहितेत नाही, आणि मला वाटते ते असूही शकत नाही. डिस्क्रिप्टरांची मर्यादा ही संपूर्ण प्रोग्रामची असते, लायब्ररीची नव्हे. एकाच प्रोग्राममध्ये चार लायब्रऱ्या नांदत असतील, तर प्रत्येकीने आपापल्या अंदाजाने वाटा उचलावा आणि कोणीही कोणाला विचारू नये, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय बीएफडी ही मर्यादा एकदाच विचारते आणि ते उत्तर कायमचे लक्षात ठेवते. मुख्य प्रोग्रामने नंतर मर्यादा वाढविली तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही.

याच लिंकर-परंपरेतील 'गोल्ड' हा दुसरा प्रोग्राम २००८ मध्ये दाखल झाला. त्याने वेगळा मार्ग धरला होता. तो आरंभी ८१९२ च्या आसपासची मोठी मर्यादा गृहीत धरतो आणि फाइल उघडण्यास कार्यप्रणालीने नकार दिला की तेथेच आपली मर्यादा खाली आणून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली तर सुरुवातीलाच एका डिस्क्रिप्टरची पुनःपुन्हा प्रत काढून पाहते आणि नकार येईपर्यंत किंवा ठरलेला आकडा गाठेपर्यंत किती जागा प्रत्यक्षात उपलब्ध आहेत हे मोजते. अंदाज, अनुभव आणि मोजणी अशा या तीन वृत्ती होत. त्यांत बीएफडीची वृत्ती सर्वांत भिडस्त आहे. लायब्ररी म्हणून ती तशी असावी, हे मला मान्य आहे.

कोणती फाइल बंद करावी

'सर्वांत जास्त काळ न वापरलेली आधी बंद' हा नियम संगणकशास्त्रात इतका रुळला आहे की त्याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परंतु लिंकरचे काम कसे चालते ते पाहावे. तो सर्व फाइली क्रमाने एकदा वाचतो आणि त्यांतील नावांची नोंद घेतो. मग पुन्हा पहिलीपासून शेवटचीपर्यंत जाऊन प्रत्यक्ष मजकूर उचलतो. जागा १० आणि फाइली ११ असल्या, तर अकरावी उघडताना पहिली बंद होते. दुसऱ्या फेरीत पहिली हवी असते, तिच्यासाठी दुसरी बंद होते. मग दुसरी हवी असते, तिच्यासाठी तिसरी. प्रत्येक वेळी नेमकी पुढे लागणारी फाइलच बाहेर काढली जाते आणि साठवणीचा लाभ शून्यावर येतो. याच परिस्थितीत सर्वांत अलीकडे वापरलेली फाइल बंद केली असती, तर सुमारे दहा वाचनांतून एकदाच पुन्हा उघडावे लागले असते. माणसाच्या वापरात जवळची वस्तू पुन्हा लागते, पण फेऱ्या घालणाऱ्या यंत्राला सर्वांत दूरची वस्तूच पुढे लागते. हा दोष केवळ वेगाचा आहे, हे मान्य. जागा १२८ झाल्यावर तो लहान प्रकल्पांत जाणवतही नाही. १२९ फाइलींच्या प्रकल्पात मात्र तो जसाच्या तसा परत येतो.

नाव आणि वस्तू

खरा प्रश्न पुढेच आहे. युनिक्समध्ये उघडलेल्या फाइलीचा डिस्क्रिप्टर फाइलीच्या नावाशी बांधलेला नसतो. तो प्रत्यक्ष वस्तूशी, म्हणजे आयनोडशी बांधलेला असतो. फाइल उघडी असताना कोणी तिचे नाव बदलले, ती पुसली किंवा त्या नावाने दुसरी फाइल आणून ठेवली, तरी डिस्क्रिप्टर जुन्याच वस्तूकडे बोट दाखवत राहतो. ही हमी युनिक्सच्या रचनेतील अत्यंत मोलाची हमी आहे. बीएफडी फाइल बंद करून पुन्हा नावाने उघडते, त्या क्षणी ही हमी सुटते. हाती येते ती त्या नावाची आजची फाइल. ती कालचीच असेल, हे केवळ गृहीतक असते. वाचन कोठवर आले होते तो आकडा मात्र जुन्या फाइलीचाच असतो.

हा केवळ तर्क नव्हे. डीबगर उघडा ठेवून दुसऱ्या खिडकीत प्रोग्राम पुन्हा बांधणे हे प्रोग्रामरचे नित्याचे काम आहे. जीडीबीच्या लेखकांना याची जाणीव असल्याचे दिसते. फाइल उघडताना तिची बदललेली वेळ, आकार, आयनोड आणि उपकरणाचा क्रमांक ते स्वतः नोंदवून ठेवतात आणि प्रोग्राम नव्याने चालवताना फाइल बदलली आहे का ते पाहतात. परंतु ही दक्षता लायब्ररीच्या बाहेर, तिच्या वापरकर्त्याने घेतलेली आहे. लायब्ररीच्या आत, बंद केलेली फाइल पुन्हा उघडण्याच्या दीर्घकाळ चालत आलेल्या मांडणीत, उघडणे आणि ठरलेल्या जागी जाणे एवढ्या दोनच पायऱ्या आहेत. ओळख पटविण्याची पायरी नाही.

संहितेच्या लेखकांना हा भेद अगदीच ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. वापरकर्त्याने नाव न देता थेट डिस्क्रिप्टर दिला, तर बीएफडी ती फाइल आपल्या मनाने बंद करीत नाही. तशी मुभा वापरकर्त्याने स्पष्टपणे द्यावी लागते, असे माहितीपुस्तिकेत नमूद आहे. म्हणजे नावाने आलेली फाइल पुन्हा मिळवता येते आणि क्रमांकाने आलेली मिळवता येतेच असे नाही, हे जाणले होते. राहून गेले ते एवढेच की नावाने पुन्हा मिळते ती वस्तू तीच असेल असेही नाही. आणखी एक बाब अशी की बंद करण्याजोगी एकही फाइल उरली नसेल, तर ही संहिता मुकाट्याने मर्यादा ओलांडते आणि पुढे जाते. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. अंदाजाने ठरविलेल्या मर्यादेसाठी खरे काम अडवू नये, हेच योग्य.

लेखनासाठी उघडलेल्या फाइलींच्या बाबतीत मात्र गृहीतकाची किंमत वाढते. पहिल्या वेळी बीएफडी जुनी फाइल काढून टाकून कोरी फाइल तयार करते. पुढच्या वेळी तीच फाइल उघडताना मजकूर पुसला जाऊ नये म्हणून ती 'वाचन-लेखन' पद्धतीने उघडते. पहिले उघडणे आणि दुसरे उघडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, ही जाण येथे आहे आणि ती कौतुकास्पद आहे. पण लगेच पुढची ओळ सांगते की हे दुसरे उघडणे अयशस्वी झाले, तर फाइल पुन्हा कोरी म्हणून उघडावी. मध्यंतरी कोणी ती फाइल पुसली असेल, तर लायब्ररी त्या नावाची रिकामी फाइल तयार करील, जुन्या ठिकाणी उडी मारील आणि तेथून पुढे लिहीत राहील. आरंभीचा मजकूर शून्यांनी भरलेला असेल आणि त्या पायरीवर कोणतीही चूक कळविली जाणार नाही. चूक झाल्यावर थांबण्याऐवजी काहीतरी करून पुढे जाण्याचा हा मोह आज्ञावलीच्या लेखनात जुना आहे. या संहितेत तो सर्वांत स्पष्टपणे येथे दिसतो.

याच्याशी निगडित दुसरी गोष्ट चुकीच्या पत्त्याची आहे. लिहिली जात असलेली फाइल बंद करताना तिचा उरलेला मजकूर चकतीवर जातो, आणि चकती भरलेली असेल तर ते बंद करणेच अयशस्वी ठरते. बीएफडी ही चूक लपवीत नाही, पण ती कळते केव्हा? वापरकर्ता दुसरीच फाइल उघडत असतो आणि तिच्यासाठी जागा करताना पहिली बंद केली जात असते, तेव्हा. परिणामी 'दुसरी फाइल उघडता आली नाही' असा संदेश त्याच्या हाती येतो आणि निर्दोष फाइलीची चौकशी सुरू होते.

पोस्टग्रेसही फाइली बंद करून नावानेच पुन्हा उघडते, तेव्हा तिला हाच दोष लागतो का, असा आक्षेप कोणी घेईल. मला तसे वाटत नाही. पोस्टग्रेसची डेटा-निर्देशिका तिच्या स्वतःच्या ताब्यात असते. तेथील फाइलींना नावे देणारी आणि त्या पुसणारीही तीच. नावांवर ज्याची मालकी आहे, त्याने नावावर विसंबून राहण्यात वावगे काही नाही. बीएफडी मात्र परक्या निर्देशिकांत, परक्या फाइली वाचते. एका परिस्थितीत निर्धोक असलेली युक्ती दुसऱ्या परिस्थितीत तशीच वापरली गेली, तर तिचा तोल जातो. एसक्यूलाइट या लायब्ररीची वाट तर अगदी उलट आहे. पॉसिक्स नियमांनुसार एका प्रोग्रामने एखाद्या फाइलीचा कोणताही एक डिस्क्रिप्टर बंद केला, की त्या फाइलीवर त्या प्रोग्रामने घेतलेली सर्व कुलुपे सुटतात. म्हणून एसक्यूलाइट कुलुपे शिल्लक असेपर्यंत डिस्क्रिप्टर बंद करणे पुढे ढकलते, मग उघड्या फाइलींची संख्या वाढली तरी चालेल. फाइल बंद करणे ही निरुपद्रवी क्रिया आहे, हे बीएफडीचे मूळ गृहीतक येथे स्पष्टपणे नाकारलेले आहे.

उपाय अवघड नाही. फाइल बंद करण्यापूर्वी तिचा उपकरण-क्रमांक आणि आयनोड यांची नोंद घ्यावी, पुन्हा उघडल्यावर तीच माहिती विचारावी, आणि ती न जुळल्यास काम थांबवून खरे कारण सांगावे. यासाठी कार्यप्रणालीला एकच अधिकचा प्रश्न विचारावा लागतो, आणि फाइल नव्याने उघडण्याच्या खर्चापुढे तो नगण्य आहे. वाचनापुरता दुसरा मार्गही आहे. फाइल स्मृतीत नकाशाबद्ध केली, तर डिस्क्रिप्टर बंद केल्यावरही नकाशा मूळ वस्तूलाच धरून राहतो. लेव्हलडीबी ही लायब्ररी ६४ बिटांच्या यंत्रांवर या सोयीचा उपयोग करते. मात्र केवळ आयनोडवर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. पुसलेल्या फाइलीचा आयनोड-क्रमांक कार्यप्रणाली नव्या फाइलीला देऊ शकते, आणि पुन्हा बांधलेल्या प्रोग्रामच्या बाबतीत असे घडणे मुळीच अशक्य नाही. म्हणून आकार आणि बदललेली वेळ यांचीही नोंद हवी. जीडीबी हीच चार अंगांची नोंद आपल्या दारात ठेवते. ती एक दार आत, लायब्ररीतच असावयास हवी होती.