यावत्तावत् आणि क्ष

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथाविषयीं आपल्याकडे दोन मतें वारंवार ऐकूं येतात. पाश्चात्त्यांचें सारें बीजगणित त्यांत आधींच होतें, असें एक पक्ष म्हणतो. त्यांत केवळ शब्द आहेत, चिन्हें म्हणावीं अशीं नाहींतच, असें दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांनीं ग्रंथ उघडून पाहिला नसावा, असा आमचा वहीम आहे.

इ. स. ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथांत अज्ञात राशीस 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकें असेल तितकें', असें नांव आहे. अज्ञात राशि अनेक असल्या तर पुढच्यांस कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें दिलीं आहेत. मांडतांना त्यांचीं आद्याक्षरें तेवढीं येतात : या, का, नी, पी. ज्ञात संख्येस रू, वर्गास व, घनास घ. आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब.

त्यांतलें एक उदाहरण घ्या. एकापाशीं ३०० रुपये व ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशीं तशाच किंमतीचे १० घोडे असून १०० रुपयांचें ऋण आहे. दोघांची संपत्ति सारखी, तर घोड्याची किंमत काय? वरच्या ओळींत 'या ६ रू ३००', खालच्या ओळींत 'या १० रू १००', आणि या शंभरावर ऋणाचें टिंब. बरोबरीचें चिन्ह कोठेंच नाहीं. दोन ओळी एकीखालीं एक आहेत, हीच बरोबरी. या-खालीं या येतो, रू-खालीं रू येतो, आणि एखादें पद नसेल तर त्याच्या जागीं शून्य मांडतात. वजाबाकी केली कीं एकीकडे ४ या व दुसरीकडे ४०० उरतात, आणि घोडा शंभरास पडतो. मध्यंतरीं घोड्याची आठवणहि ठेवावी लागत नाहीं!

ज्याला हें नुसतें शब्दांचें गणित वाटतें, त्यानें ही मांडणी एकदां स्वतःच्या हातानें करावी. एकं-दहं-शतंच्या लेखनांत जागा अर्थ सांगते. तीच युक्ति येथें समीकरणास लावली आहे. रॉबर्ट रेकॉर्ड याचें दोन समांतर रेघांचें बरोबरीचें चिन्ह इ. स. १५५७ मधलें. त्या रेघांमुळें एकाच ओळींत बरोबरीमागून बरोबरी लिहीत जातां आलें, ही सोय मात्र दुमजली मांडणींत नव्हती.

खरें उणें निराळ्या ठिकाणीं आहे. व आणि घ हीं अक्षरें शब्दांच्या सावल्या आहेत, व तीं शब्दाला सोडून जाऊं शकत नाहींत. चौथा घात तो 'वर्गवर्ग', सहावा तो 'वर्गघन', कारण बे त्रिक सहा. मग पांचव्यास काय म्हणावें? तर 'वर्गघनघात'! नांवें लांबत जातात आणि हिशेब ज्याचा त्यानें मनांत करावा. देकार्तनें इ. स. १६३७ त अक्षराच्या खांद्यावर लहानसा अंक बसविला, आणि दोन व तीन यांच्या मधें काय, हा प्रश्न जणूं कागदानेंच विचारला. इ. स. १६७६ त लायब्निट्झसाठीं लिहिलेल्या पत्रांत न्यूटन अपूर्णांक व ऋण घात बेधडक वापरतो. व आणि घ यांच्या मधें अडीच कोठून येणार?

दुसरें उणें असें कीं, येथें अज्ञातास अक्षर मिळालें, ज्ञात मात्र अंकच राहिला. त्यामुळें उदाहरण चिन्हांत सुटतें आणि नियम श्लोकांतच राहतो. श्लोक मुखोद्गत होतो, हा त्याचा मोठा गुण; पण त्यांतलें पद इकडचें तिकडे नेऊन दुसरा नियम काढतां येत नाहीं. इ. स. १५९१ त फ्रान्सच्या व्हिएतनें ज्ञात राशींनाहि अक्षरें दिलीं, तेव्हां नियमच गणिताचा विषय झाला.

बीज हें वर्णांत नसून बुद्धींत आहे, अशा आशयाचें भास्कराचार्यांचेंच एक वचन आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञाच्या तोंडीं तें शोभतें. तरी आमचा येथें नम्र मतभेद आहे. चिन्ह हें बुद्धीचें नुसतें हरकाम्या नोकर नव्हे. चांगलें चिन्ह धन्याला न सुचलेलें काम पुढें आणून ठेवतें.

मराठी पुस्तकांतून 'क्ष' जाऊन रोमन एक्स आला, याचें कित्येकांस वाईट वाटतें. आम्हांस तितकेंसें वाटत नाहीं. क्ष हा कोणत्याच शब्दाचा तुकडा नव्हता, म्हणून त्याच्या जागीं दुसरें अक्षर बसतांना गणिताचें कांहींच सांडलें नाहीं. इ. स. १८९५ त राँटगेनला सांपडलेल्या अज्ञात किरणांस मराठींत आपण 'क्ष-किरण' म्हणतों. ते आतां अज्ञात राहिलेले नाहींत, तरी दवाखान्याच्या पाटीवर तो क्ष अजून आहेच.