किशोरांचा कंठ : 'संगीत शारदा' आणि 'स्प्रिंग अवेकनिंग'

संगीत नाटकातील पात्र गाऊ लागले म्हणजे ते कोणास उद्देशून गाते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते. गाणाऱ्या पात्राचे वय पंधराच्या आसपास असेल, तर मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कारण त्या वयाच्या मुलामुलींविषयीचे निर्णय वडीलधारी मंडळी घेत असतात आणि त्यांच्या शब्दास घरात वा शाळेत फारसे मोल नसते. 'स्प्रिंग अवेकनिंग' ही अमेरिकन रॉक संगीतिका आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' ही दोन नाटके शेजारी ठेवून पाहिली असता या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे हाती येतात.

संगीतिकेचा आधार असलेले फ्रांक वेडेकिंड यांचे जर्मन नाटक 1891 साली प्रसिद्ध झाले आणि 1906 साली बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांनी ते रंगभूमीवर आणले. पुढे शंभर वर्षांनी, 2006 मध्ये, स्टीव्हन सेटर (संहिता व गीते) आणि डंकन शीक (संगीत) यांनी त्याची संगीतिका न्यूयॉर्कमध्ये सादर केली. मूल कसे जन्मते, हे मुलीला सांगण्याचे धैर्य वेंड्लाच्या आईला होत नाही. परीक्षेत अपयशी ठरलेला मॉरिट्झ आत्मघात करतो. वेंड्ला गर्भपाताच्या प्रयत्नात मरण पावते. तिचा प्रियकर मेल्किओर सुधारगृहात जातो.

या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. पात्रांचा पेहराव एकोणिसाव्या शतकातला. पण गाण्याची वेळ येताच मुले खिशातून ध्वनिक्षेपक काढतात, प्रकाश पालटतो आणि विद्युत् गिटारचा आवाज उसळतो. गीत कथानक पुढे नेत नाही. ते मनातल्या मनात फुटलेले बोलणे असते. वडीलधाऱ्यांच्या सर्व भूमिका एक नट व एक नटी अशी दोघेच करतात. परिणामी मुलांना सारी प्रौढ माणसे एकसारखीच दिसतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि त्या प्रौढांना यातले एकही गीत ऐकू येत नाही. 2015 साली 'डेफ वेस्ट थिएटर'ने कर्णबधिर व ऐकू येणाऱ्या नटांना एकत्र घेऊन केलेल्या प्रयोगात हा अर्थ अधिकच धारदार झाला. तेथे वेंड्ला हातांच्या खुणांनी बोलते आणि तिचा आवाज दुसरी नटी गाते.

तथापि या संगीतिकेने एक किंमत मोजली आहे. वेडेकिंड यांच्या नाटकात गवताच्या माळ्यावर वेंड्ला नकार देते आणि मेल्किओर तो मानीत नाही. संगीतिकेत तोच प्रसंग परस्परांच्या ओढीचा, जवळजवळ संमतीचा झाला. प्रेक्षकाला एक नवा, सुरेल प्रणय लाभला; मूळ नाटकातील सर्वांत कठोर प्रश्न मात्र मावळला. ज्या मुलीला घडणाऱ्या गोष्टीचे ज्ञानच दिलेले नाही, तिच्या होकाराला होकार म्हणावे काय?

हाच प्रश्न देवलांनी 1899 साली निराळ्या वाटेने मांडला होता. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली अल्पवयीन मुलगी शारदा वृद्ध भुजंगनाथास देऊ करतो. आई इंदिराकाकू असहाय आहे. शारदेची भीती आणि खंत पदांतून प्रकट होते. पण मराठी संगीत नाटकाच्या संकेताप्रमाणे पद हा संवादाचाच विस्तार असतो. म्हणून शारदा गाते ते जवळच्या माणसांना ऐकू जाते. केशवराव भोसले यांना बालवयात याच भूमिकेने कीर्ती मिळवून दिली. म्हणजे प्रेक्षकाच्या कानी प्रत्यक्ष किशोरकंठच पडत होता. उणीव आहे ती पुढे. शारदेचे गाणे ऐकले जाते, निर्णय मात्र तिचा होत नाही. विवाह मोडतो तो कोदंडाने उघड केलेल्या सगोत्रतेमुळे आणि नवा विवाह मान्य होतो तो शंकराचार्यांच्या अनुज्ञेने. कोदंड-शारदेचा प्रणय सुधारणेचा पुरस्कार म्हणून येतो. त्याला स्वतःचा स्वर क्वचितच सापडतो.

वेडेकिंड यांचे नाटक ज्या 1891 साली छापले गेले, त्याच साली हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. 2012 च्या कायद्याने ती मर्यादा अठरावर नेली आहे. वयाची रेषा सरकली. रेषेच्या अलीकडील मुलांनी आपल्या ओढीविषयी कोणाशी बोलावे, हा प्रश्न जागच्या जागी आहे. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (2016) या चित्रपटाने त्याला दिलेले रूप म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. त्यातील चारही गीते पूर्वार्धात आहेत. आर्ची-परश्या गाव सोडतात आणि गाणे थांबते. अखेरच्या प्रसंगात तर ध्वनीच उरत नाही. आर्ची स्वतः निवड करते. शारदेला जे मिळाले नाही ते तिला मिळते, पण ऐकणारे कोणी उरत नाही.

मुंबई-पुणे महामार्गालगतच्या लोधिवलीसारख्या खालापूर तालुक्यातील गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला 'सैराट'ची गीते हातातल्या मोबाइलवर मिळतात. नाट्यगृहासाठी मात्र पनवेल गाठावे लागते. हा भेद केवळ सोयीचा नव्हे. मोबाइलवरचे गीत एकट्याने ऐकले जाते. नाट्यगृहात मूल आणि त्याचे आईवडील शेजारी बसून तेच गाणे ऐकतात; रंगमंचावरील प्रौढांना जे ऐकू येत नाही ते प्रेक्षागृहातील प्रौढांना ऐकावेच लागते. रॉक संगीतिकेचे सामर्थ्य तिच्या गिटारीपेक्षा या योजनेत अधिक आहे.

मराठी रंगभूमीने किशोरांचे संगीत नाटक पुन्हा हाती घेतल्यास तिला केवळ वाद्यमेळ उसना आणून भागणार नाही. मुलीचे गाणे ऐकले जाते, ही देवलांची श्रद्धा आणि ते ऐकले जात नाही, हे वेडेकिंड यांचे निदान, ही दोन्ही तिला एकत्र पेलावी लागतील. नव्या प्रणयाची कसोटीही तीच राहील : होकार वा नकार मुलीच्या स्वतःच्या शब्दांत उमटतो की नाही.