शब्दप्रक्रिया सॉफ्टवेअरमधील अतिरिक्त सुविधा आणि मराठी संशोधनलेखन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

संगणकाचे सॉफ्टवेअर आवृत्तीगणिक फुगत जाते आणि ग्राहक कधीही न वापरलेल्या सुविधांची किंमत मोजतो, हा आक्षेप जुना आहे. स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. सर्व सुविधा एकाच अखंड रचनेत बसविल्या की प्रत्येकाला सर्वांचे मोल द्यावे लागते. वापर मात्र थोड्यांचाच होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मायक्रोसॉफ्ट वर्ड हे याचे परिचित उदाहरण होय. विंडोजसाठीच्या पहिल्या वर्डमध्ये सुमारे १०० आज्ञा होत्या. २००३ च्या आवृत्तीत त्या सुमारे १,५०० झाल्या. कंपनीच्याच नोंदींनुसार त्या आवृत्तीतील आज्ञांच्या एकूण वापरापैकी सुमारे ३२ टक्के वापर पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू व बोल्ड या पाचच आज्ञांचा होता. तथापि, यावरून उरलेल्या आज्ञा निरुपयोगी ठरत नाहीत. प्रबंधलेखकाला तळटीप हवी असते, ग्रंथपालाला अकारविल्हे यादी, तर कार्यालयाला एकाच मजकुराची शंभर पत्रे. ‘बहुतेकांना न लागणारे’ ते सर्व वगळल्यास प्रत्येकाचेच काही ना काही हरवेल. येथे या आक्षेपाचे प्रचलित रूप अपुरे पडते.

मराठी लेखनात प्रश्न अधिक गंभीर होतो. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड येथील प्राध्यापक ज्या प्रकारच्या नियतकालिकांकडे शोधनिबंध पाठवितात, त्यांपैकी अनेकांनी कृतिदेव फॉन्टची अट दीर्घकाळ ठेवली. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते. साठविली जातात ती मात्र रोमन अक्षरांची संकेतचिन्हे. परिणामी यादीचा क्रम रोमन अक्षरांनुसार लागतो, शुद्धलेखनाची तपासणी निरर्थक ठरते आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर वाचताच येत नाही. म्हणजेच, मराठी अभ्यासकाला ज्या सुविधा खरोखर उपयुक्त ठरल्या असत्या, त्यांतल्याच काही निकामी होतात. किंमत पूर्ण सॉफ्टवेअरची मोजावी लागते. हाती पडतो तो टंकलेखन यंत्राचा उपयोग.

२००१ मध्ये सुरू झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता तालुक्यांपर्यंत नेली, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु आज्ञांची ओळख होणे आणि आपली गरज ओळखता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीचे शिक्षण महाविद्यालयांनाच करावे लागेल.

यावर लिब्रे ऑफिससारखे विनामूल्य आणि मराठीत वापरता येणारे सॉफ्टवेअर हा पर्याय उपलब्ध आहे. त्याने खर्च वाचेल. पण तेही आकाराने लहान नाही आणि कृतिदेवमधील मजकूर त्यातही मुकाच राहील. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम सर्व लेखन युनिकोडमध्ये आणावे. नंतर प्रत्येक विभागाने आपल्या कामाला लागणाऱ्या सुविधांची यादी करावी. खरेदीचा वा वार्षिक वर्गणीचा ठराव त्यानंतर मांडावा. सारांश, न वापरलेल्या सुविधांवरील खर्चाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, हानी वापरता न आलेल्या सुविधांमुळे होते. ही हानी खरेदीच्या देयकात दिसत नाही, म्हणूनच तिची दखल घेतली जात नाही.